'त्या पांढऱ्या गोळी'बद्दल थोडं सविस्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा नुसता रागच आला. कशामुळे मळमळतंय हे कळलेलं नसताना घरात उरलेली उलटीची गोळी परस्पर घेऊ नये, एवढंच मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, 'ती छोटी पांढरी गोळी मी दहा वर्षं घेतोय, काही झालं नाही. तुमच्यासारखे लोक चार गोष्टी वाचतात आणि इतरांना घाबरवत सुटतात.'

एक चूक दाखवलीत, ती मान्य. मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं औषध जास्तीत जास्त तीन दिवस घ्यावं, असं मी लिहिलं होतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये ठरवलेली मर्यादा ५ दिवसांची आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता 'तुमच्यासारखे लोक'. हे शब्द लिहिताना तुम्ही मला ओळखत नव्हता, म्हणून सांगते. मी एकोणीस वर्षांची होते. तीन दिवस मळमळत होतं, अन्नाचा वास नको झाला होता. आईच्या आजारपणातली अर्धी स्ट्रिप ड्रॉवरमध्ये पडली होती. रात्री एक गोळी घेतली, सकाळी एक, दुपारी एक. संध्याकाळी मान आपोआप डावीकडे ओढली जायला लागली. डोळे वर गेले ते खाली येईनात. जबडा असा आवळला की शब्द फुटेना. मला सगळं कळत होतं, ऐकू येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. आईला वाटलं, फिट आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'काय घेतलं होतं?' आईने स्ट्रिप पुढे केली. आधीच्या गोळ्या कात्रीने कापून घेतलेल्या, त्यामुळे नावातली शेवटची तीन अक्षरं तेवढी उरलेली. त्यावरून त्यांनी ओळखलं: मेटोक्लोप्रमाइड. तरुण वयात या औषधाने स्नायू असे आखडण्याचा धोका जास्त असतो. इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत मान सरळ झाली. आणि मळमळ कशाची होती? चार दिवसांनी डोळे पिवळे झाले. कावीळ होती. गोळीने ती बरी होणार नव्हतीच, मी मात्र 'आज जरा बरं वाटतंय' म्हणत तपासणी पुढे ढकलली होती.

तेव्हा चार गोष्टी मी नुसत्या वाचलेल्या नाहीत. असल्या भाषेत मला कुणी शहाणपण शिकवू नये.

उलटीच्या गोळीने हृदयाच्या ठोक्यांचा त्रास 'लाखात एकाला' होतो, हा तुमचा आकडा कुठून आला ते तुम्हीच जाणे. डोम्पेरिडोन (हेही उलटीवरचंच औषध) आणि क्लॅरिथ्रोमायसिन (एक अँटिबायोटिक) एकत्र घेऊ नये, ठोके बिघडू शकतात, हे माहितीपत्रकातच छापलेलं असतं. 'प्रत्येक मळमळीला डॉक्टरकडे धावायचं का?' असं मी म्हटलेलंच नाही. अर्धशिशीची नेहमीची मळमळ आहे, त्यासाठी तुमच्याच नावाने लिहून दिलेली गोळी आहे, मुदत संपलेली नाही, सांगितलेल्या मात्रेत घेताय, तर खुशाल घ्या. लेखातला हा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाहीत असं दिसतं.

पण कारण माहीत नसेल तर? गरोदरपण असू शकतं, मधुमेह्याच्या रक्तात कीटोन (शरीरात तयार होणारी आम्लं) धोकादायक वाढलेले असू शकतात, हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता नुसत्या मळमळीने आणि घामाने सुरू होऊ शकतो. आतड्यात अडथळा असेल तर ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने उलटी थांबते आणि आत पोट फुगत चाललंय हे लक्षात यायला उशीर होतो. पोटात सतत दुखतंय, उलटीत रक्त किंवा हिरवा पित्तरस येतोय, डोकं असह्य दुखतंय, लघवी होत नाहीये, अशा वेळी ड्रॉवर उघडायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा.

शेवटचं. दहा वर्षं घेताय म्हणता, पण तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत त्या गोळीचं नाव एकदाही नाही. ऑन्डान्सेट्रॉन, डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, तिन्ही छोट्या आणि पांढऱ्या असू शकतात, आणि तिन्हींचे धोके वेगळे आहेत. आज घरी गेल्यावर स्ट्रिप हातात घ्या, नाव वाचा, मग बोलू.