राज्यसभेतला आपला माणूस कसा शोधावा

ग्वाल्हेरकर वाचकहो, राज्यसभेतल्या आपल्या खासदाराला भेटण्याची इच्छा झाली, तर प्रथम ती दाबून टाकावी. तरीही ती उरलीच, तर मध्य प्रदेशाच्या अकरा जागांची यादी पाहावी. मात्र यांतले आपले कोण, हा बालिश प्रश्न मनात येऊ देऊ नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जागा पाच होत्या आणि उमेदवारही पाचच, त्यामुळे राज्यसभेचे खासदार निवडणाऱ्या आपल्या २३० आमदारांना मतपत्रिका हातात धरण्याचेही कष्ट पडले नाहीत. याला निवडणूक म्हणण्याची सवय लावून घ्यावी. ज्योतिरादित्य शिंदे लोकसभेवर गेल्याने रिकामी झालेली जागा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळच्या जॉर्ज कुरियन यांना बिनविरोध मिळाली, तेव्हाही आपली झोपमोड झाली नाही. उमेदवार त्याच राज्याचा मतदार असला पाहिजे, ही अट २००३ साली कायद्यातूनच गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर मोहोर उमटवली, तेव्हा बाहेरचा-घरचा हा वाद घालून स्वतःचे हसे करून घेऊ नये.

अर्ज करायचाच असेल, तर वेळ भरपूर ठेवावी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे छत यंदाच्या पावसात गळले, कादंबऱ्यांच्या कपाटाला बुरशी आली, म्हणून खासदार निधीसाठी मी या अकरांपैकी एकाच्या कार्यालयात गेलो. सोबत ओल्या पुस्तकांची छायाचित्रे होती, दुरुस्तीचे अंदाजपत्रक होते, नोंदणीची प्रत होती. तिथल्या सहायकाने कागद न उघडताच विचारले, “आपका वोट किस बूथ पर है?” मी बूथ सांगितला. तो म्हणाला, मग लोकसभेच्या खासदारांकडे जा, ये हमारा इलाका नहीं है. अहो, राज्यसभेच्या सदस्याचा इलाका म्हणजे अख्खे राज्य. वर्षाला पाच कोटींची कामे तो राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात सुचवू शकतो, हे त्या गृहस्थाला एका वाचनालयाच्या चिटणिसाने सांगावे लागते! पोच मागितली तर शिक्का घरी राहिला होता. शिक्का घरी! ज्या कार्यालयाचे काम अर्ज घेणे हेच, त्याचा शिक्का घरी राहतो आणि आपण “बरं, उद्या येतो” म्हणून जिना उतरतो.

राज्यसभेच्या मतदानात आमदाराचे मत कुठे गेले, याची काळजी करू नये; मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवली नाही तर ते मत बादच होते.

आणि आता सरळच बोलतो. दोष एकट्या दिल्लीचा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हात जोडून दारात आलेल्या विधानसभेच्या उमेदवाराला आपण नालीचे विचारले, दिव्याचे विचारले, नवरात्रातल्या वर्गणीचेही विचारले. राज्यसभेला कोणाला पाठवणार, हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारले का? एका जागेला ३९ मते लागत होती, ती तुम्हीच निवडलेल्यांच्या खिशात होती. नामांकने भरली जात होती तेव्हा तुम्ही बाड्याच्या चौकात कचोरी खात होतात आणि आता मला विचारता, छताचे काय झाले. छत गळते आहे. पुढच्या वेळी आमदार दारात आला की त्याला आधी हे विचारा, मग चहा द्या.