डिफर्ड टॅक्स म्हणजे थकवलेला कर नव्हे

कंपन्यांचे निकाल लागायला लागले की गुंतवणूकदारांच्या गटांत एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा आशय असा: 'ताळेबंदात डिफर्ड टॅक्स लायबिलिटी दिसली, म्हणजे कंपनीने सरकारचा कर थकवलाय. डिफर्ड टॅक्स अ‍ॅसेट दिसली, म्हणजे सरकारकडून तेवढा परतावा येणार आहे. आणि तसंही या नोंदी हवेतल्याच, नफा हवा तसा दाखवायला केलेल्या.' हे वाचून लोक शेअर घेतात, विकतात. म्हणून एकेक दावा तपासू. डिफर्ड टॅक्स म्हणजे पुस्तकी नफा आणि करपात्र उत्पन्न यांतल्या तात्पुरत्या फरकामुळे पुढे भरावा लागणारा (लायबिलिटी) किंवा पुढे वाचणारा (अ‍ॅसेट) कर.

थकबाकीचं आधी. समजा, कंपनीने १२ लाखांचा सर्व्हर घेतला. हिशेबाच्या पुस्तकात त्याचं आयुष्य ६ वर्षं, म्हणजे दरवर्षी २ लाख घसारा, म्हणजे झिजेपोटी धरलेला खर्च (भंगारमूल्य शून्य धरू). आयकरात संगणकावर शिल्लक मूल्याच्या ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे पहिल्याच वर्षी ४.८० लाख. करपात्र उत्पन्न पुस्तकी नफ्यापेक्षा २.८० लाखांनी कमी झालं. २५.१६८ टक्के दराने ७०,४७० रुपये कर आज भरावा लागला नाही, तेवढी लायबिलिटी नोंदली. दुसऱ्या वर्षी ती ९२,६१८ रुपयांवर जाते. तिसऱ्या वर्षी काटा फिरतो: आयकरातला घसारा १,७२,८०० रुपये, पुस्तकातला मात्र तेच २ लाख. आता करपात्र उत्पन्न जास्त आणि लायबिलिटी उतरायला लागते. यात थकलं काय? कायद्याने जेवढा कर लागू झाला तेवढा भरला. ना नोटीस, ना व्याज. कंपनी दरवर्षी नवे सर्व्हर घेत राहिली तर एकूण आकडा वर्षानुवर्षं फुगलेला दिसतो, हे खरं. पण प्रत्येक सर्व्हरचा आपला फरक मिटतच असतो.

परताव्याचा दावा तर साफ चुकीचा आहे. बँका बुडीत कर्जांसाठी तरतूद करतात, पण आयकरात तिची वजावट मर्यादेपर्यंतच मिळते. उरलेली वजावट मिळते ती कर्ज प्रत्यक्ष निर्लेखित केल्यावर, म्हणजे बुडालं म्हणून खात्यातून काढून टाकल्यावर. म्हणजे कर आधी भरायचा, सवलत पुढे. ही पुढची सवलत म्हणजे अ‍ॅसेट. २० सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने कंपन्यांना कमी दराचा पर्याय दिला आणि प्रभावी दर ३४.९४४ वरून २५.१६८ टक्क्यांवर आला. तरतुदीच्या १०० रुपयांमागे जी सवलत सुमारे ३५ रुपयांची होती ती २५ रुपयांची झाली. हा नवा दर स्वीकारलेल्या अ‍ॅक्सिस बँकेला त्या तिमाहीत २,१३८ कोटींची एकरकमी झळ बसली आणि ११२ कोटींचा तोटा दाखवावा लागला. सरकारकडून येणं असलेला परतावा असता, तर दर उतरल्याने तो घटला असता का?

उरला 'हवेतली नोंद' हा आरोप. सर्व्हरच्या उदाहरणात लायबिलिटी नोंदलीच नसती, तर पहिल्या वर्षीचा करोत्तर नफा ७०,४७० रुपयांनी फुगला असता. म्हणजे ही नोंद नफा फुगवत नाही, आवरते. शिवाय प्रत्येक फरकावर ती करताही येत नाही: सीएसआर (सामाजिक जबाबदारी म्हणून केलेल्या) खर्चाची वजावट सहसा कधीच मिळत नाही, म्हणून त्यावर डिफर्ड टॅक्स नाही.

संशय घ्यायची जागा एकच, आणि ती महत्त्वाची आहे: जुन्या तोट्यांवर नोंदलेली अ‍ॅसेट. धंद्यातला तोटा आयकरात ८ वर्षंच पुढे ओढता येतो. तेवढ्या काळात नफा झाला नाही, तर अ‍ॅसेट कागदावरच राहते. एएस २२ या हिशेबाच्या मानकात यासाठी जवळजवळ खात्रीच लागते, तीही ठोस पुराव्यासह. इंड एएस १२ या दुसऱ्या मानकात नफ्याची शक्यता पुरेशी असल्याचं दाखवावं लागतं. तिथे व्यवस्थापनाच्या अंदाजाला खरोखर वाव आहे. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये डिफर्ड टॅक्सचा तक्ता असतो. त्यातली 'पुढे ओढलेले तोटे' ही ओळ काढा आणि कंपनीने गेल्या काही वर्षांत नफा कमावलाय का, ते शेजारी ठेवून पाहा.