खोबरेल तेलातून जनुक-औषध पेशीत जात नाही

'लिपिड म्हणजे तेलच, तेव्हा जनुक-औषध घाण्याच्या खोबरेलात खलून प्या', असा संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

इथे जनुक-औषध म्हणजे जनुकाच्या संदेशावर काम करणारा आरएनए हा रेणू. तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. खोबरेलात टाकला तर तळाशी बसेल. पोटात गेलाच तर पाचकरस त्याचे तुकडे करतात. खोबरेलाच्या स्निग्धांशावर विद्युतभारही नसतो, म्हणजे आरएनएला धरून ठेवायला काहीच नाही.

औषधातला लिपिड कण वेगळा. २०१८ साली मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या आरएनए-औषधामध्ये आयननक्षम (आम्लात धनभार घेऊन आरएनएला धरणारं) लिपिड, डीएसपीसी हे फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पीईजी-लिपिड (पीईजी या पॉलिमरची साखळी जोडलेलं लिपिड) साधारण ५०:१०:३८.५:१.५ या रेणूप्रमाणात असतात. असे कण बनवताना लिपिडे इथेनॉलमध्ये विरघळवतात, आरएनए पीएच ४ च्या आसपासच्या आम्ल द्रावणात, आणि दोन्ही प्रवाह झटक्यात मिसळतात. मिसळण हळू झाली की कण मोठे होतात. नंतर इथेनॉल काढून पीएच ७.४ वर आणतात, तेव्हा आयननक्षम लिपिडाचा भार जवळपास नाहीसा होतो. पेशीने कण गिळल्यावर आतल्या पिशवीत आम्लता वाढते, भार परत येतो आणि पिशवीचा पापुद्रा फाटतो. खरी अडचण इथेच: बहुतेक आरएनए त्या पिशवीतच अडकून संपतो.

पॅटिसिरान शिरेतून देतात, कारण रक्तातलं एपीओई प्रथिन कणाला चिकटून त्याला यकृताकडे नेतं. कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची. मासळीसारखी बर्फात गाडायची नाही, गोठली की वाया. शिवाय हे औषध जनुक बदलत नाही, त्याचा संदेश तेवढा गप्प करतं.