पास आहे का?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दिवाळीला एक भांडण ठरलेलं असतं. मुंबईचं कुठलं तरी मोठं नाटक नागपूरला येतं. एकच प्रयोग, तिकीट हजाराच्या वर. धरमपेठवाला लिहितो, ‘एवढ्यात घरच्या फराळाचं सामान येते.’ महाल भागातला विचारतो, ‘पासची सोय होऊन राहिली का बे?’ तिसरा जाहीर करतो की नागपूरचा प्रेक्षकच मेला. आणि मी लंडनहून अक्कल पाजळतो. मागच्या दिवाळीत तर माझ्याकडे मसाला होता, कारण आदल्या नाताळात आम्ही सहकुटुंब ‘द लायन किंग’ पाहून आलो होतो.

आई तेव्हा आमच्याकडे होती. लायसियम थिएटरात हे संगीत नाटक १९९९ पासून चालू आहे, मध्ये कोविडनं बंद पाडलं तेवढंच. आम्ही चौघं, सगळ्यात वरचा मजला, दुपारचा खेळ, अडीचशे पौंड. त्याचे रुपये किती होतात ते आईला अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

आत शिरताना मला आवडलं ते वेगळंच. एका कोपऱ्यात जाड उशांची चळत रचलेली होती. लहान मुलांना पुढच्याचं डोकं आड येऊ नये म्हणून खुर्चीवर ठेवायच्या उशा. माझी सात वर्षांची लेक स्वतःच जाऊन एक घेऊन आली, सवयीच्या गिऱ्हाइकासारखी. ‘लहान मुलांना आणू नये’ ही पाटी आणि मध्यंतरातली बटाटावड्याची रांग एवढंच ज्याला नाट्यगृह म्हणून ठाऊक, त्याला त्या उशांचा हेवा वाटतो.

पडदा उघडला आणि प्रेक्षकांमधूनच जनावरं चालत निघाली. एकेका पायात एकेक माणूस असा हत्ती. हातापायांना काठ्या बांधून चालणारा जिराफ, त्याच्या मानेखाली नटाचा चेहरा उघडाच. आई पुटपुटली, ‘आतली माणसं दिसून राहिली ना रे.’ दिसावीत म्हणूनच तसं केलंय, दिग्दर्शिका ज्युली टेमोर यांची ती युक्तीच आहे, असं मी समजावत होतो, तोवर हरणं आली. एक माणूस चाकांचा गाडा ढकलत नेतो, चाकं फिरली की त्यांना जोडलेली हरणं उड्या घेतात. आईनं माझी बाही धरली. ‘अरे, हा तर तान्हा पोळा!’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे पुतळे मिरवणुकीनं निघतात, माणसाच्या कितीतरी पट उंच, बडग्यांचे पुतळे मागे घेऊन. त्या गावात जन्म काढलेल्या बाईला बाहुल्यांचं ते काय अप्रूप! पण रडली. सिंहराजा मुफासा मेला तेव्हा नाही, हरणांना पाहून.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, अर्थात आईचं रडणं सोडून. वर टोमणा मारला: रेशीमबागेत सुरेश भट सभागृह २०१७ पासून उभं आहे, दोन हजार माणसं बसतात, लायसियममध्येही जवळपास तेवढीच. मग अडतं कुठे? तिकीट काढायची दानत नाही.

ग्रुपवर एक जण राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी काही ना काही उभं करतो. नेपथ्याचे खिळे स्वतः ठोकणारा माणूस. त्यानं मला शांतपणे हिशेब दिला. तिथे सेट एकदा ठोकला की वर्षानुवर्षं हलत नाही, आठवड्याला आठ खेळ होतात, खर्च हजारो प्रयोगांवर पसरतो. इथे मुंबईहून ट्रक निघतो, समृद्धी महामार्ग झाला तरी सातशे किलोमीटर तो सातशेच. एका रात्रीसाठी सेट लावायचा, पहाटे सोडायचा आणि परत न्यायचा. तिकीट पाचशेच्या आत ठेवलं तर जीएसटी नाही, पण त्यात ट्रकचं डिझेलही निघत नाही. वर नेलं की करही आला. आणि तुझ्या इंग्लंडात, त्यानं लिहिलं, नाटकाच्या निर्मितीखर्चावर २०१४ पासून करसवलत आहे, ती तू नाही सांगितली.

ती खरंच सांगितली नव्हती. हेही नव्हतं सांगितलं की आमच्या ऑफिसात रात्री साफसफाई करणारी बाई लंडनमध्येच जन्मली, लायसियमवरून जाणाऱ्या बसनं रोज येते, आणि आत कधी गेलेली नाही. अडीचशे पौंड तिच्याकडे नाटकासाठी नसतात. तेव्हा ‘तिकडचा प्रेक्षक’ म्हणजे कोण, हे मी जरा जपून बोलायला हवं होतं.

तरी पासाच्या बाबतीत मी माघार घेत नाही. मैदानावरच्या मोफत कार्यक्रमाला हजारोंनी जाणारं माझं शहर पाचशे रुपयांपुढे एकदम गरीब होतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. पास मागणारे बहुधा चारचाकीतून येतात.

त्या रात्री फोनवर आईला भांडण ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आमच्याकडच्या नाटकाचं काय?’

आमच्याकडचं म्हणजे तिच्या माहेरचं, ब्रह्मपुरीकडचं. नागपूरहून सव्वाशे किलोमीटरवर झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा जंगलपट्टा, लागते. भाऊबीज झाली की तिथे नाटकांचा हंगाम उघडतो तो होळीपर्यंत. तिथल्याच वडसा गावच्या नाटक कंपन्या रोज नव्या गावात मंडप गाठतात, ऑर्गन-तबला, हल्ली ऑक्टोपॅडसुद्धा, खेळ रात्री सुरू होऊन पहाटे संपतो. मंडई म्हणजे गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, त्या निमित्तानं लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, तान्ही पोरं मांडीवर झोपतात. आणि तिकीट काढून बघतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ग्रुपवर अंगठे पडले होते, पण त्यांचं नाटक पाहिलेला आमच्यात एकही नव्हता. त्यात बटबटीतपणा असतो, लावणी मध्येच घुसते, हे मलाही दिसतं. नाताळातल्या लंडनच्या नाटकांतही काही कमी बटबटीत नसतं. फक्त ते इंग्रजीत असतं.

‘आम्ही बैलगाडीतून जात होतो,’ आई म्हणाली. ‘उशा घरच्याच नेत होतो.’

येत्या जानेवारीत मी पोरीला घेऊन नागपूरला चाललोय. ब्रह्मपुरीच्या मामांना फोन करून हंगामाची चौकशी केली. जवळच एका गावात नाटक आहे म्हणाले, खुर्च्या धरून ठेवतो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मामा, पासचं काही जमेल का?’

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही.

‘लंडनात मांगतला होता का बापू, पास?’