तेविसावा चेंडू

कॅरममध्ये आमच्या घरात आजवर कुणीही स्वतःच्या खेळामुळे हरलेलं नाही. बोर्ड एका बाजूला कलतो. पावडर जास्त झाली. पावडर कमी झाली. स्ट्रायकर हलका आहे, बल्बचा उजेड डोळ्यांवर येतो, शेजारच्याचं कोपर लागलं, ऐन वेळी कुणीतरी शिंकलं. सबबींचा एवढा साठा हाताशी असल्यावर राणी घेऊन कव्हर न मिळणं ही काही नामुष्की राहत नाही.

नव्वदच्या दशकात बाबांनी हिशेबाच्या कामासाठी थ्री-एट्टी-सिक्स संगणक घरी आणला. त्याला आईने शिवलेलं झबलं होतं आणि त्याच्या खोलीत चप्पल घालून जायला बंदी होती. पुढे ताईच्या कुठल्याशा मैत्रिणीकडून 'जिमी व्हाइट्स व्हर्लविंड स्नूकर' नावाचा गेम फ्लॉपीवर आला (स्नूकर म्हणजे हिरव्या टेबलावर पांढऱ्या चेंडूने रंगीत चेंडू कडेच्या खड्ड्यांत घालवायचा खेळ), आणि वरच्या सगळ्या सबबी एका संध्याकाळीत बाद झाल्या. टेबल सपाट म्हणजे सपाट. कापडावर धुळीचा कण नाही. चेंडू गोल, कोपर लावायला शेजारी कुणी नाही, आणि आजी कितीही शिंकली तरी पडद्यावरचा काळा चेंडू जागचा हलत नव्हता.

हा गेम १९९१ साली इंग्लंडात निघाला. आर्चर मॅक्लीन नावाच्या अत्यंत चिकट माणसाने तो तयार केला आणि व्हर्जिन कंपनीने बाजारात आणला. त्याआधी घरगुती संगणकावरचं स्नूकर म्हणजे वरून दिसणारा हिरवा आयत आणि त्यात सरकणारे रंगीत ठिपके. १९८४ सालचं 'स्टीव्ह डेव्हिस स्नूकर' खेळताना आपण छताच्या पंख्याला लटकून खेळतोय असं वाटतं. मॅक्लीनने खेळणाऱ्याला खाली उतरवून टेबलाच्या कडेला उभं केलं. माऊस सरकवला की टेबल गरागरा फिरे, जवळ येई, लांब जाई. क्यूने, म्हणजे खेळायच्या काठीने, पांढऱ्याला वरच्या अंगाला टोकायचं की खालच्या, डावीकडे की उजवीकडे, जोर किती लावायचा, हे सगळं आपण ठरवायचं. खाली टोकलं तर पांढरा समोरच्यावर आपटून शहाण्यासारखा मागे येणार. खरं टेबल बारा फूट बाय सहा फुटांचं. ते त्याने आमच्या चौदा इंची पडद्यात बसवलं होतं, आणि त्यावरचा प्रत्येक चेंडू आपला हिशेब चोख ठेवून होता. चुकलं तर चुकलेलं आपलंच. असला अप्रिय गेम मी दुसरा पाहिला नाही.

खुर्ची एक आणि माऊस एक, पण सल्लागारांना काही मर्यादा नव्हती. त्यांत अग्रपूजेचा मान बापूकाकांचा. काकांनी तरुणपणी कॅम्पातल्या एका क्लबात बिलियर्ड्स पाहिलं होतं. खेळलं होतं का, हे कुणी विचारायचं नाही असा घरात अलिखित नियम होता.

"डावीकडे घे."

"घेतलं, काका."

"एवढं नाही रे! जरासं."

हे 'जरासं' म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही. माऊस एक केसभर हलवला तर काका म्हणत, "आता गेलं पार पलीकडे." न हलवता नुसता हात त्यावर ठेवला तर म्हणत, "हां, आता कसं." मग मी मारायचो, पांढरा गुलाबीच्या बाजूने अदबीने निघून जायचा, आणि समोरच्याला फाऊलचे सहा गुण मिळायचे.

आजीचा आक्षेप वेगळा, मूलभूत स्वरूपाचा होता. लाल खड्ड्यात गेला की गेला, पण काळा गेला तर तो परत टेबलावर येतो, हे तिला मुळीच पटत नव्हतं. "लाल बिचारे पंधरा, एकेका गुणाचे. ते गेले ते गेलेच. आणि हा सात गुणांचा, म्हणून याला परत आणून बसवायचं? इथेही तेच का?" सगळे लाल संपल्यावर काळाही कायमचा जातो, असं ताईने समजावून सांगितलं. त्यावर आजी म्हणाली, "तोवर कोण जगतंय?" आमच्या घरच्या फ्रेमचा, म्हणजे एका डावाचा, वेग पाहता तिचा मुद्दा बिनतोड होता.

आणि वेगाचा विषय निघालाच आहे तर ती तोंडं. मॅक्लीनने त्या गेममध्ये एक भयंकर चावटपणा करून ठेवला आहे. तुम्ही नेम धरण्यात फार वेळ घालवलात की चेंडूंना डोळे नि तोंडं फुटतात आणि ते तुम्हाला वेडावून दाखवतात. हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी मन लावून ब्राऊनचा कोन पाहतोय, काका 'जरासं, जरासं' करतायत, आणि अचानक समोरच्या चेंडूने जीभ काढली. काका दोन पावलं मागे सरकले. मग सावरून म्हणाले, "व्हायरस." बाबांना बोलावलं गेलं. बाबा हातातली पावती तशीच धरून आले, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघत उभे राहिले, आणि चेंडू त्यांनाही वेडावले. या यंत्रात त्या वर्षीची सगळी रिटर्न्स आहेत, एवढंच ते म्हणाले.

काकांचा मात्र या खेळावर कौटुंबिक हक्क होता. "स्नूकर इंग्रजांचं? कुणी सांगितलं? जबलपूरचं आहे ते!" हे खरंही आहे. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत) आधीच्या एका खेळात आणखी रंगीत चेंडू घालून हे प्रकरण सुरू केलं, आणि १८८२ साली उटीच्या क्लबात त्याचे नियम लागले. म्हणजे जबलपूरला जन्मला, उटीला वळण लागलं, विलायतेला जाऊन मोठा झाला आणि फ्लॉपीवर बसून पुण्याला परत आला. त्यातून विल्सन जोन्स तर पुण्यातच जन्मलेले. १९५८ साली कलकत्त्याला ते बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, तेव्हाचं वर्णन काका असं करत की ऐकणाऱ्याला वाटावं, खडू यांनीच लावून दिला होता. या सगळ्या वारशाचं ओझं माझ्या उजव्या मनगटावर येई, आणि पांढरा थेट खड्ड्यात जाई.

त्या दिवसांत मला आधार होता तो खुद्द जिमी व्हाइटचा. ज्याच्या नावाने गेम निघाला तो स्नूकरपटू गेम येईपर्यंत जागतिक स्पर्धेच्या तीन अंतिम फेऱ्या हरलेला होता. पुढे १९९२, १९९३ आणि १९९४ सालीही हरला. १९९२ ला १४-८ असा पुढे असताना त्याने लागोपाठ दहा फ्रेम्स घालवल्या. १९९४ ला सामना १७-१७ वर आला, शेवटची फ्रेम, आणि गड्याने जागेवरचा काळा चुकवला. सहा वेळा अंतिम फेरीत जाऊन सहाही वेळा हरणाऱ्या माणसाबद्दल मला जो जिव्हाळा वाटला तो शाळेच्या पुस्तकातल्या कुठल्याच विजयी वीराबद्दल वाटला नव्हता. मी हे काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तो अंतिम फेरीत हरतो. तू ताईशी हरतोस."

ताईशी हरणं हे वेगळंच दुखणं होतं. ती एका हातात चहाचा कप धरून, कुणाचाही सल्ला न ऐकता, एका दमात माऊस फिरवून मारायची. चेंडूंना तिला वेडावून दाखवण्याएवढी सवडच मिळत नसे.

अशा निराधार अवस्थेत मला तेविसावा चेंडू सापडला. स्नूकरच्या टेबलावर चेंडू बावीस: पंधरा लाल, सहा रंगीत, एक पांढरा. हे बावीसही निर्दोष. पण त्या सगळ्यांना हलवणारा एक चेंडू माऊसच्या पोटात होता, आणि त्याचं चारित्र्य मुळीच धुतल्या तांदळासारखं नव्हतं. माऊस उलटा करायचा, खालची गोल चकती बाणाच्या दिशेने फिरवायची, आणि तळहातावर तो राखाडी, रबरी, जडशीळ गोळा घ्यायचा. आत डोकावलं की दोन बारीक दांड्या दिसत, आणि दोन्हींवर मळाचा एकेक पट्टा घट्ट बसलेला. धूळ, सतरंजीचे तंतू, चिवड्याचं तेल, घरातल्या सगळ्यांच्या हाताचा घाम, हे सारं एकजीव होऊन. नखाने खरवडलं की त्याची लांब सुरळी निघे. डावी-उजवीकडची हालचाल टिपणाऱ्या दांडीवर मळ असला तर नेम त्या दिशेला अडखळे आणि मग एकदम उडी मारे. म्हणजे ते 'जरासं' मला का जमत नव्हतं याचं सज्जड, नखात धरून दाखवता येण्याजोगं कारण मिळालं! त्यानंतर माझा एकही फाऊल माऊस उलटा केल्याशिवाय झाला नाही.

काकांना हे अजिबात मान्य नव्हतं. "विल्सन जोन्सनी कधी क्यूला दोष दिला?" ते विचारत. "यंत्र खोटं बोलत नाही. हात खोटा बोलतो."

एका रविवारी दुपारी मात्र ताई त्यांना म्हणाली, "काका, तुम्हीच मारा ना एकदा." खोली गप्प झाली. टेबलावर फक्त काळा उरला होता, खड्ड्याच्या अगदी तोंडाशी, आणि पांढरा त्याच्या समोर वीतभर अंतरावर. काकांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. खुर्ची मागे सारली. मग ते गुडघे वाकवून, हनुवटी मेजाला टेकेल इतके खाली गेले, एक डोळा मिटला, डाव्या हाताची बोटं मेजावर पसरून क्यूसाठी पूल केला, आणि उजव्या हाताने माऊस मागे-पुढे, मागे-पुढे करू लागले. टेबल बिचारं त्यांच्याभोवती वेड्यासारखं फिरत होतं. काळ्याने वाट पाहून जीभ काढली. काकांनी लक्ष दिलं नाही.

मारलं. काळा आत गेला. काका उभे राहिले, कंबरेवर हात ठेवला, आजीकडे पाहिलं. तेवढ्यात पांढराही सावकाश त्याच्या मागोमाग खड्ड्यापर्यंत गेला, कडेवर किंचित थबकला आणि आत पडला.

कुणीच काही बोललं नाही. काकांनी माऊस उचलला, उलटा केला, चकती काढून गोळा बाहेर घेतला आणि खिडकीच्या उजेडात आत बराच वेळ पाहिलं.

"हा बघ, केवढा मळ साठलाय," ते म्हणाले.

माऊस मी सकाळीच साफ केला होता.