'दिव्यांग मुलांची दिवाळी' या मेसेजबद्दल खुलासा

नाशिकच्या सिडको-इंदिरानगर भागातल्या ग्रुपांवर एका नटाच्या फोटोसह मेसेज फिरतोय: दिव्यांग मुलांच्या दिवाळी कार्यक्रमासाठी क्यूआरवर पैसे टाका, तेवढेच हे नटसाहेब स्वतःचे घालतील, 'कारण या मुलांना साध्या शाळेत प्रवेशच नसतो.'

फोटो म्हणजे संमती नव्हे. साहेबांच्या अधिकृत खात्यावर यातलं अवाक्षर नाही. मेसेजमध्ये संस्थेचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही; कार्यक्रमाचं ठिकाण नुसतं 'नाशिक'. क्यूआर स्कॅन केला की पिन टाकायच्या आधी घेणाऱ्याचं नाव दिसतं. इथे ट्रस्ट नाही, कुणा व्यक्तीचं नाव येतं. देणगीवरची आयकर सवलतही मान्यताप्राप्त संस्थेच्या पावतीशिवाय मिळत नाही.

शाळेचं वाक्य तर साफ खोटं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. रॅम्प नाही, विशेष शिक्षक नाही अशा शाळा आहेतच. त्यांना जाब विचारा. पण 'प्रवेशच नसतो' हे वाचून एखादी आई शाळेच्या दारातूनच परत फिरेल, त्याचं काय? देणगी बुडण्यापेक्षा हे नुकसान मोठं.

पैसे पाठवून बसला असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही कळवा.