शून्याची पावती

आमच्या बाबांचा फुकट या गोष्टीवर विश्वास नाही. एकावर एक फुकट मिळालं की ते आधी पहिल्याची मुदत संपलीय का ते बघतात. त्यामुळे अभयारण्याच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेल्या पहारेकऱ्याने "तिकीट नाही काका, प्रवेश मोफत आहे" असं सांगितल्यावर बाबा खूश होण्याऐवजी सावध झाले.

"आत गेल्यावर घेतात का?"

"नाही."

"बाहेर पडताना?"

"नाही हो."

"मग पावती?"

"पैसेच नाहीत तर पावती कसली?"

"म्हणजे आम्ही रीतसर आत गेलो याला पुरावा काय?"

पहारेकऱ्याने निमूटपणे एक रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, माणसं, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ आणि शेवटी एक रुंद रकाना : 'काय दिसलं'. बाबांनी नाव लिहिलं, माणसं ६, वेळ ९.०५, आणि समासात ठळक अक्षरांत 'प्रवेशशुल्क निरंक' असं लिहून खाली सही ठोकली. सगळी नोकरी हिशेबखात्यात गेलेला माणूस. शून्याचीही नोंद झाल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

तिकीट असलेल्या ठिकाणी एक बरं असतं. मनातल्या मनात भागाकार करता येतो. इतके दिले, इतके प्राणी दिसले, म्हणजे एक प्राणी इतक्याला पडला. एखादं अस्वल-बिस्वल दिसलं की "वसूल झाले, चला" असं म्हणून माणूस गाडीकडे वळू शकतो. फुकटात तो आकडाच नसतो. शून्याला कशानेही भागलं तरी शून्यच येतं हे शाळेत शिकलो होतो, पण त्याचा अर्थ उन्हं डोक्यावर येईपर्यंत जंगलात चालत राहायचं असा होतो, हे त्या दिवशी कळलं. शिवाय तक्रारीची सोय नाही. काहीच दिसलं नाही, पाय दुखले, डास चावले, तरी बोलायचं कोणाला? प्राणीही बिनपगारी, पहारेकऱ्याचा इलाज नाही.

जगभर हेच चालतं म्हणा. अमेरिकेतलं सगळ्यात गर्दीचं राष्ट्रीय उद्यान ग्रेट स्मोकी माउंटन्स. वर्षाला एक कोटीच्या वर भेटी, आणि प्रवेश फुकट. हे मी गाडीत मोठ्या कौतुकाने सांगितलं. चिरंजीवांनी लगेच माहिती पुरवली की २०२३ पासून तिथे गाडी उभी करायचे पैसे घेतात. "बघ!" बाबा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" कॅनडाने तर २०१७ साली देशाला दीडशे वर्षं झाली म्हणून आपली सगळी राष्ट्रीय उद्यानं वर्षभर फुकट ठेवली होती. तिथल्या मुलांनी आपापल्या वडिलांबरोबर ते वर्ष कसं काढलं असेल, कोण जाणे.

तर आम्ही सहा जण. बाबा, आई, आत्या, बायको, मी आणि वय वर्षे दहाचे चिरंजीव, ज्यांना प्राण्यांविषयी सगळं ठाऊक आहे आणि ते स्वतःपुरतं ठेवायची कला अवगत नाही. गेटवरच्या पाटीवर लिहिलं होतं : मातकट रंगाचे कपडे घाला, बूट घाला, शांतता पाळा. आत्या डोक्यापासून पायापर्यंत केशरी रंगात आली होती.

"आत्या, अगं पाटी वाच," मी म्हटलं.

"आत्याआजी, काही बिघडत नाही," चिरंजीव म्हणाले. "हरणांना केशरी रंग नीट कळत नाही, हिरवट दिसतो. वाघ केशरी असून त्यांना दिसत नाही तो त्यामुळेच."

आपली गणना वाघात झाल्यामुळे आत्याची चाल बदलली.

"पण पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात. अल्ट्राव्हायोलेटसुद्धा."

"म्हणजे त्यांना मी आणखी छान दिसत असेन," आत्या म्हणाली. यावर चिरंजीवांकडेही उत्तर नव्हतं.

पहिल्या वळणावर बाबांना ओल्या मातीत पंजा सापडला. सगळे गोल करून वाकलो. आईने हळूच माझा दंड धरला. बिबट्या, बाबांनी जाहीर केलं, आणि तोही ताजा. मग चिरंजीव गुडघ्यावर बसले. "नखं उमटलीत. मांजराच्या जातीचे प्राणी चालताना नखं आत घेतात. हा कुत्रा आहे."

"त्यालाही फुकटच असेल," बायको म्हणाली.

कुटुंबाची कुजबूज हा एक स्वतंत्र ध्वनी आहे. एकटा माणूस कुजबुजला तर शेजाऱ्याला ऐकू जात नाही. सहा जण कुजबुजले की झाडावरची पाखरं उठतात. आम्ही पाणवठ्याजवळच्या लपणापाशी पोचलो तेव्हा आत दोन माणसं बसली होती. अंगावर पाचोळ्याच्या रंगाचे कपडे, पुढे हाताएवढ्या लांब लेन्सचे कॅमेरे. त्यातल्या एकाने वळून न बघता ओठांवर बोट ठेवलं आणि श्वासातल्या श्वासात म्हणाला, "नवरंग."

"कोण रंग?" आत्याने विचारलं. आत्याला अलीकडे कमी ऐकू येतं, त्यामुळे ती समोरच्याच्या सोयीसाठी मोठ्याने बोलते.

नवरंग हा जमिनीवर पाचोळा उलथून किडे शोधणारा लाजरा पक्षी. ते दोघं पहाटेपासून त्याच्यासाठी पुतळ्यासारखे बसलेले, आणि तो अखेर पाचोळ्यात हलायला लागलेला. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तेवढ्यात दहा पावलं मागे सरकून औषधी वनस्पतींच्या एका पाटीसमोर, जणू मी एकटाच आलोय आणि मला अडुळशात रस आहे, अशा चेहऱ्याने उभा राहिलो होतो. कानावर आलं ते एवढंच : बाबांनी त्या दोघांना विचारलं, "तुमच्याकडूनही काही घेतलं नाही ना?" मग पंखांची फडफड. मग खूप वेळ कोणीच काही बोललं नाही. पाटी मी दोनदा वाचली.

तिथून पुढे तळं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर काहीतरी लांबट, करडं पडलेलं होतं.

"मगर!" बाबा म्हणाले.

"लाकूड आहे, बाबा," बायको म्हणाली.

आणि घरात जे मतभेद निवडणुकीच्या वेळीही झाले नाहीत ते तिथे झाले. मगर पक्षात बाबा आणि चिरंजीव, लाकूड पक्षात बायको आणि आई. आत्या तरंगती. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुर्बीण बाहेर निघाली. तिच्यावर '८ × ४२' असं लिहिलेलं. बाबांची समजूत ती बेचाळीस पट मोठं दाखवते. आठ पटच, बेचाळीस हा पुढच्या काचेचा व्यास, तोही मिलिमीटरमध्ये, हे कळल्यावर त्यांनी शेजाऱ्यांविषयी जे मत व्यक्त केलं ते इथे देत नाही. मग दुर्बीण आईकडे गेली. तिने उलटी धरली.

"अगंबाई, किती लांब गेलं सगळं!"

"आई, उलटी आहे."

"असू दे रे. मगर अशीच बघावी."

"तोंड उघडं आहे का बघा," चिरंजीव सांगत होते. "मगरीला घाम येत नाही, म्हणून ती तोंड उघडं ठेवून बसते. उष्णता बाहेर जाते." त्या वस्तूच्या टोकाला एक फट होती खरी. पण फट लाकडालाही असते. इतक्यात एक बगळा उडत आला आणि नेमका तिच्यावर उतरला.

"झालं!" बायको म्हणाली. "मगरीवर कोणी बसतं का?"

"बसतात," बाबा म्हणाले. "तुला काय माहीत त्यांचं आपसात काय आहे ते."

पाऊण तास गेला. बगळा गेला. मगर किंवा लाकूड जागचं हललं नाही. काहीही न करता पडून राहण्यात मगर लाकडाच्या तोडीस तोड आहे, हीच सगळी अडचण. थंड रक्ताचा प्राणी, अंग चालवायला फारसं लागत नाही, वेळ पडली तर महिनोन्‌महिने न खाता काढतो. चिरंजीवांनी हेही सांगितलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले, मगरींचा वंश मात्र टिकला.

"ऐकलंत ना?" बायको म्हणाली. "साडेसहा कोटी वर्षं थांबायची सवय आहे तिला. तुम्ही हरणार."

"म्हणजे मगर आहे हे तू मान्य केलंस," बाबा म्हणाले.

मला वाटतं आम्ही अजूनही तिथेच असतो. पण मागून खर्रकन आवाज आला. बाकावर ठेवलेली डब्याची पिशवी हवेत होती आणि तिच्या वरच्या टोकाला एक काळं तोंड होतं.

"माकड! माकड!" आत्या ओरडली.

"माकड नाही, वानर," चिरंजीव म्हणाले. "माकडाचं तोंड लाल असतं. त्याच्या गालात पिशव्या असतात, तो तोंडात कोंबून पळून जातो. वानराला तशा पिशव्या नसतात."

नव्हत्याच. त्यामुळे तो कुठेही गेला नाही. समोरच्याच फांदीवर पाय सोडून बसला, शेपूट खाली सोडली, आणि चार कप्प्यांचा डबा आमच्यादेखत एकेक कप्पा करून संपवायला घेतला. वानराचं पोटही कप्प्याकप्प्यांचं असतं, पाला आंबवून पचवायला. निसर्गाने डब्याशी इतकं जुळवून का ठेवलं असेल, ते कळत नाही. 'वन्यप्राण्यांना खाऊ घालू नये' ही पाटी त्याच झाडाला लटकत होती. आम्हाला कळतं की आपलं खाणं त्याला सोसत नाही. त्याला ते मान्य नसावं.

"हळू खा रे," आई कळवळून म्हणाली, "ठसका लागेल."

डबा संपल्यावर त्याने तोंड बदलायला आजूबाजूची कोवळी डहाळी ओरबाडली. अर्धी खाल्ली, अर्धी खाली टाकली. आणि मग ते झालं. झुडपातून दोन चितळं बाहेर आली. एक नर, एक मादी, इतकी जवळ की त्याच्या शिंगांवरची लव दिसत होती. वानरं वरून सांडतात, चितळं खाली खातात, हा त्यांचा जुना करार आहे. मादीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, कान एकदा फिरवला आणि पुन्हा पाल्याला तोंड लावलं. आत्या केशरी असूनही तिला दिसली नाही. आणि काय सांगू, आम्ही सहाच्या सहा जण गप्प होतो.

चितळं गेल्यावर बाबांनी खाली पडलेला रिकामा डबा उचलला, आत बघितलं, झाकण लावलं. त्यांच्या ओठांची हालचाल मला ओळखीची आहे. सहा माणसांचं जेवण, भागिले एक वानर, दोन चितळं.

"वसूल झालं," ते म्हणाले. "चला."

शेवटी त्यांना भाज्य सापडलं होतं.

गेटवर पहारेकऱ्याने पुन्हा रजिस्टर पुढे केलं. बाबांनी वेळ टाकली, १.२०, आणि 'काय दिसलं' पाशी पेन टेकवून, बाकीचे काय लिहितात ते बघावं म्हणून वरची ओळ वाचायला लागले. नावं दोन, आत ६.००, बाहेर ९.५०. त्यापुढे बारीक, नेटक्या अक्षरांत : 'खंड्या १. टिटवी २. नवरंग १, ओझरता. ९.४० वाजता कुटुंब, माणसं ५, पैकी १ केशरी. त्यानंतर काही नाही.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. कपाळाला आठी पडली. मला वाटलं आता पहारेकऱ्याची खैर नाही.

"पाच?" ते म्हणाले. "पाच कसे? आपण सहा आहोत."

त्यांनी पाचाच्या आकड्यावर एक रेघ मारली, वर सहा लिहिला, दुरुस्तीशेजारी छोटी सही केली आणि वळून एकेकाला मोजायला सुरुवात केली. बोट माझ्यापाशी येऊन थांबलं.

मी घाईघाईने बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. पायात चपला होत्या.